चंद्राबाईच्या भाताची गोळी

पोलादपूरजवळच्या कापडे गावात अशी आवई उठली होती की चंद्राबाई भाताला गोळी देते.

कसली गोळी, तर पांढरी. केवढी, तर पावट्याच्या दाण्याएवढी. चंद्राबाई ती दर महिन्याला महाडहून आणते, कुणाला सांगत नाही, कुणाला दाखवत नाही, आणि पदराखालून नेऊन खाचराच्या चार कोपऱ्यांत चार पुरते. म्हणून तर मागल्या आषाढात नदी नऊ दिवस शेतात मुक्कामाला आली, अख्ख्या गावाच्या भाताची पेज झाली आणि चंद्राबाईचं तेवढं पाणी ओसरल्यावर अंग झाडून उभं राहिलं. आवई पोलादपूरच्या एसटी स्टँडवर पोचेपर्यंत चार गोळ्यांच्या चौदा झाल्या होत्या. पुढे ती कशेडीचा घाट चढली की नाही कळलं नाही. चढली असेल तर पलीकडे तिचं इंजेक्शन झालं असणार.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. पाणी खरं, नऊ दिवस खरे, दर महिन्याची महाडची फेरी खरी. गोळीही खरी, पांढरी आणि पावट्याएवढीच. फक्त ती भात खात नाही, चंद्राबाई खाते. रोज आठ वाजता, एक.

चंद्राबाईचं वय बावन्न. अंगाने इतकी काटकुळी की डोक्यावर भारा घेतला की मागून नुसता भाराच चालताना दिसतो. आवाज मात्र घोगरा, दळणाच्या गिरणीतून आल्यासारखा. बोलणं कुठलंही असो, सुरुवात "गो बाई"नेच, मग समोर बाप्या का असेना. एकदा तलाठी तिच्या दारात आले होते, तर त्यांनाच म्हणाली, "गो बाई, बसा ना." तलाठी बसले. काय करणार!

गावात तिची ख्याती उपासांबद्दल होती. आठवड्याला वार सात आणि चंद्राबाईचे उपास नऊ, असं म्हणायचे. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, इथवर ठीक. पण बुधवारीसुद्धा कुणी भाकरी पुढे केली की हिचा हात छातीशी आणि मान एका बाजूला: "गो बाई, उपास हाय माझा." "बुधवारचा कसला गो उपास?" "असतो एक." लावणीला बायका पाळीपाळीने एकमेकींच्या शेतात जातात. आज तुझं खाचर, उद्या माझं. त्याला सावड म्हणतात. ज्याचं शेत त्याने दुपारी बांधावर सगळ्यांना जेवू घालायचं. वीस बायका गोल करून बसायच्या आणि चंद्राबाई जरा लांब, आंब्याखाली, आपल्या पितळी तांब्यातलं पाणी पीत. तांब्याही तिचाच, घरून आणलेला. "दुसऱ्याचं पानी मला बाधतं," म्हणायची. एकाच नदीचं पाणी, एकाच नळाचं, पण हिला बाधायचं.

आणि तो आठचा गजर. तिच्या मोबाईलमध्ये रोज रात्री आठला कोंबडा आरवतो. कुठेही असली, कुणाच्या बारशाला, कुणाच्या सत्यनारायणाला, कोंबडा आरवला की ही उठलीच. "गो बाई, माझी मालिका लागली."

शेजारच्या घरातली स्नेहल, अकरावीतली, हे सगळं हुबेहूब करून दाखवायची. कोंबड्यासकट. (स्नेहल म्हणजे हे लिहिणारी. गोष्टीत तिचं फार काम नाही, शेवटी एकदा नाक कापून घ्यायला तेवढी येईल.)

या सगळ्याच्या मागे काय होतं, ते कापड्यात कुणाला ठाऊक नव्हतं. चंद्राबाईचा नवरा गोमाजी ट्रकवर होता. गोव्याच्या रस्त्याने महिना महिना जायचा. अकरा वर्षांपूर्वी वाळत वाळत गेला. गावाला सांगितलं, टीबी झाला. टीबी झाला होताच, पण त्याच्या पाठीमागे एचआयव्ही उभा होता. तो गेल्यावर डॉक्टरांनी चंद्राबाईचंही रक्त तपासलं, आणि तो तिच्याही अंगात निघाला. पोरबाळ नव्हतं. सांगायचं कुणाला? तिने कुणालाच सांगितलं नाही. पोलादपूर जवळ असून ती महाडच्या सरकारी दवाखान्यात नाव घालून आली, कारण महाडला तिला कुणी "काय गो चंद्रे, इकडं कुठं?" विचारणार नव्हतं. गावाला दर महिन्याला नवं कारण लागायचं. कधी डोळे, कधी गुडघा, कधी दाढ. ठकूबाई, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, एकदा बोटं मोजून म्हणाली, "मी काय म्हनते, या चंद्रीला अक्कलदाढा हायत तरी किती?"

दवाखान्यातल्या समुपदेशक ताई प्रत्येक वेळी सांगायच्या, "चंद्राबाई, गोळी चुकवत नाही ना, म्हणून तुमच्या रक्तात आता विषाणू सापडतसुद्धा नाही. आणि मुळातच हा आजार जेवणातून पसरत नाही, पाण्यातून नाही, हात लागून नाही. बिनधास्त पंगतीत बसा, बरं का." चंद्राबाई मान डोलवायची. डोकं ऐकायचं, हात ऐकायचा नाही. उद्या कुणाला कळलं आणि कुणी आपलं ताट वेगळं केलं तर? त्यापेक्षा आपणच आधी वेगळं केलेलं बरं. कुणी उठवायच्या आत आपणच उठलेलं बरं. म्हणून ते उपास.

हे झालं बाईचं. आता भाताचं.

चंद्राबाईचं माहेर वीर स्टेशनच्या अलीकडे, अगदी नदीकाठी. तिथली खाचरं दर दोन-तीन वर्षांनी बुडायचीच. तिच्या आईची रीत अशी की बियाण्यासाठी लोंब्या काढायच्या त्या उंचावरच्या गुबगुबीत भाताच्या नाही, तर तळातल्या, बुडून वर आलेल्या खाचरातल्या. "जी पान्याखाली जाऊन आली तिचीच पोरं ठेवायची," म्हणायची. चंद्राबाईने लग्नात तेच बियाणं ओटीतून आणलं आणि आईचीच रीत कापड्यात चालवली. गाव हसायचं. दाणा जाडा, रंग मातकट, शहरात कुणी विचारणार नाही असलं भात. नऊ दिवसांच्या पाण्यानंतर मात्र कुणी हसेना.

त्या वेळी कृषी सहायक विनीत साहेब पाहणीला आले होते. पुण्याकडचे, प्रत्येक वाक्य "मुळात"पासून सुरू करणारे. चिखलात गुडघाभर उभे राहून ते म्हणाले, "मुळात हा वाणाचा गुण आहे. साधं भात पाण्याखाली गेलं की घाबरतं. वर यायला धडपडतं, भराभर उंच वाढतं आणि त्यातच त्याची सगळी शक्ती संपते. हे वाण तसं करत नाही. गप्प बसतं. वाढणं थांबवतं, पोटातलं जपून ठेवतं. पाणी गेलं की त्या शिदोरीवर पुन्हा फुटतं."

"गप बसतं?" चंद्राबाईने विचारलं.

"गप्प बसतं."

"किती दिवस?"

"मुळात त्यालाही मर्यादा आहे, काकू. दहा दिवस, बारा दिवस, फार तर पंधरा. त्यापुढे हेही कुजणार."

"गो बाई," चंद्राबाई साहेबांना म्हणाली, "म्हंजे गप बसायला पन हद्द हाय."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी आठ घरं तिच्या दारात बियाण्याला आली. बियाणं आमच्याकडे पेंढ्याच्या मुडीत ठेवतात. पेंढा गोल वळायचा, आत भात भरायचं, सुंभाने करकचून बांधायचं, की झाला भोपळ्यासारखा गोळा. आणि दुसऱ्याच्या बियाण्याच्या मुडीला कुणी हात लावायचा नाही, हा नेम चोरसुद्धा पाळतो. म्हणूनच चंद्राबाई गोळ्यांची जास्तीची बाटली एका मुडीत लपवून ठेवायची. सुकी जागा, आणि कुणी बघायची भीती नाही. खुणेला सुंभात लाल चिंधी.

पण त्या दिवशी आठ घरांची माणसं ओटीवर बसलेली, "चंद्राबाई, तुमच्यामुळं आमचं भात," "चंद्राबाई, तुमच्या हाताला गुन हाय," चहावर चहा, आणि अकरा वर्षांत कुणी तिचं एवढं कौतुक केलेलं नव्हतं. बाई हरखली. हरखून माळ्यावर चढली आणि मुड्या भराभर खाली देत सुटली. लाल चिंधीची मुडी गेली महिपतच्या घरी.

महिपत तिचा चुलतदीर. माणूस देवभोळा आणि उत्साही, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची सवय. त्याने मुडी सोडली तर भाताबरोबर बाटली बाहेर आली. पांढरी बाटली, वर इंग्रजी, आत तीस गोळ्या. आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाईची औषधाची बाटली चुकून आली. महिपत म्हणाला, "वयनीनं औषध पन दिलं! औषध पन दिलं! बाई मनानं केवढी!" आणि मोड आणायला भात भिजत घातलं होतं त्या पिंपात त्याने सोळा गोळ्या टाकून लाकडाने ढवळल्या. सोळा का? तर सोळा सोमवार. उरलेल्या चौदा गोळ्या बाटलीसकट देव्हाऱ्यात ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं आणि घरात ताकीद दिली, "हात लावायचा नाय. हात लागला की गुन जातो."

रोपं तरारून आली. आठही घरांची तशीच आली होती, पण ते कोण बघतो! बोभाटा झाला की महिपतची रोपं गोळीची आहेत. मग बाकीच्या सात घरांची तोंडं फुगली.

"दिराला गोळी आनि आमाला नुसतं भात?"

"चंद्रे, मी काय म्हनते, तुझ्या लग्नात हळद मी लावली व्हती," ठकूबाई म्हणाली. " एक गोळी दिली असतीस तर हात झडला असता?"

चंद्राबाईला आधी काही उमजेना. मग महिपतच दारात आला, हात जोडून. "वयनी, वयनी, अजून एक बाटली हाय का? खालच्या खाचराला टाकतो."

चंद्राबाई तशीच माळ्यावर चढली. लाल चिंधी नव्हती. तशीच खाली उतरली.

"भावजी, ती बाटली परत द्या."

"आता कशी देऊ? आता कशी देऊ? सोमवारी आमी बारा जन पोलादपूरला चाललोय. तालुक्याच्या शेती हापिसात. साहेबाच्या टेबलावर बाटली ठेवायची आनि म्हनायचं, ही गोळी सगळ्या तालुक्याला द्या. तुमचं नाव हुईल, वयनी! नाव हुईल!"

नाव व्हायचंच होतं. बाटलीवर काय लिहिलंय ते शेती ऑफिसातला कुठलाही शिकलेला माणूस वाचणार, नाहीतर मोबाईलवर शोधणार, आणि बारा जणांच्या समोर मोठ्याने सांगणार. अकरा वर्षं झाकलेलं सोमवारी साडेदहा वाजता कार्यालयाच्या वेळेत उघडं पडणार होतं.

त्या आठवड्यात चंद्राबाईने काय काय केलं! महिपतची बायको प्रयागबाई हिला म्हणाली, ती केसांची गोळी आहे. प्रयागबाईने तिच्या विरळ अंबाड्याकडे असं पाहिलं की पुढे बोलायची सोय राहिली नाही. मग महिपतच्या देव्हाऱ्याला नमस्कार करायच्या निमित्ताने दोनदा गेली, तर महिपत स्वतः शेजारी घंटा वाजवत उभा. तिसऱ्यांदा गेली तर म्हणाला, "वयनी, गोळीमुळं तुमची भक्ती पन वाढली, भक्ती पन वाढली."

शेवटी तिने ताईंना फोन लावला. मागच्या परड्यात, कोंबड्यांच्या खुराड्याशी बसून. आधी गोळ्यांचं सांगितलं. ताई म्हणाल्या, "त्याची काळजी नको. घरातल्या बाटलीत अकरा आहेत ना? त्या घेत राहा, मंगळवारी या, नवीन देऊ. पण भिजवलेल्या सोळा परत आणू नका, बरं का." मग चंद्राबाईने दुसरं विचारलं. सांगू का?

ताई म्हणाल्या, "हे मी सांगू शकत नाही, चंद्राबाई. तुमची गोष्ट तुमची आहे. कुणाला सांगायची, कधी, किती, ते तुम्ही ठरवायचं. कुणी जबरदस्ती करू शकत नाही. मीसुद्धा नाही. सांगितल्यावर काही माणसं दुरावतात, हेही खरं आहे. मी खोटं कशाला सांगू?"

"आनि नाय सांगितलं तर?"

"तर सोमवारी दुसरा कुणीतरी सांगेल. त्याच्या शब्दांत."

चंद्राबाईने फोन ठेवला. खुराड्यात एक कोंबडी तिच्याकडे मान वाकडी करून बघत होती. "गो बाई," चंद्राबाई तिला म्हणाली, "तू कशाला बघतेस?"

शनिवारी संध्याकाळी स्नेहल आपल्या ओट्यावर पोरींना जमवून कार्यक्रम करत होती. दुसऱ्या दिवशी रविवार, महिपतच्या शेतात लावणी, म्हणून विषय तोच. स्नेहल हात छातीशी नेऊन, मान वाकडी करून, गिरणीच्या आवाजात: "गो बाई, उपास हाय माझा. रविवारचा. सूर्याचा." पोरी लोळत होत्या. मागे चंद्राबाई उभी.

पोरी पटापट उठून बसल्या. चंद्राबाई म्हणाली, "मान अजून जरा डावीकडं पायजे." मग म्हणाली, "उद्या मी बांधावर जेवले तर?"

"तू? पंगतीत?" स्नेहल म्हणाली. "काकू, सूर्य पश्चिमेच्या समुद्रातून उगवेल, पण तू जेवणार नाहीस. लाव पैज."

"लावली. मी जेवले तर वर्षभर माझी नक्कल बंद. एक 'गो बाई' पन नाय."

"आणि उपास निघाला तर?"

"दर रविवारी घावने. नारळाच्या रसाबरोबर."

स्नेहलच्या तोंडाला तेव्हाच पाणी सुटलं. इतकी सोपी पैज कापड्यात कुणी कधी लावली नव्हती. ही पैज म्हणजे बाईने स्वतःच्याच गळ्यात बांधून घेतलेलं दावं आहे, ऐन वेळी मागे पळता येऊ नये म्हणून, हे तिला कुठून कळणार!

रविवारी सकाळपासून महिपतच्या खाचरात वीस बायका वाकलेल्या. रोपाची मूठ डाव्या हातात, उजव्या हाताने चार-चार काड्या चिखलात. चंद्राबाई मध्ये. तिच्या दोन्ही बाजूंनी टोमण्यांची लावणी वेगळी चालू होती.

"हळू लावा गो, गोळीची रोपं हायत."

"गोळी नसली तर चार काड्या लावायच्या, गोळी असली तर दोनच."

"उद्या साहेब चंद्रीचा सत्कार करनार. चंद्रे, लुगडं कुठलं नेसनार?"

महिपत बांधावरून रोपांच्या जुड्या फेकत होता. "उद्या साडेधाला, साडेधाला!"

दुपार झाली. हातपाय धुवून बायका बांधावर गोल बसल्या. प्रयागबाईने टोपलीतून स्टीलची ताटं काढली. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, वालाचं बिरडं. स्नेहल जेवण वाढायला आलेली, तिची नजर आंब्याकडे. आता उठेल, आता जाईल आंब्याखाली.

चंद्राबाई उठली. स्नेहलला घावन्यांचा वास आला.

पण ती आंब्याकडे गेली नाही. गोलाच्या मध्ये उभी राहिली, चिखलाने भरलेल्या पदराशी चाळा करत.

"गो बाई, ऐका. ती गोळी भाताची नाय. माझी हाय."

"ते आमी कवाच ओळखलं," कुणीतरी म्हणालं, "म्हनून तर देत नायस."

"तसं नाय. मी खाते ती. रोज एक. गोमाजी टीबीनं गेला, पन त्याला एचआयव्ही झाला व्हता. मला पन हाय. अकरा वर्सं झाली. गोळी हाय म्हनून मी हाय. भाताला कायेक दिलेलं नाय. भात माझ्या आयशीचं हाय, ते आपल्या गुनानं उभं राहतं. आता उद्या साडेधाला दुसऱ्या कुनी वाचून दाखवायच्या आधी मीच सांगितलं. झालं."

भाकरीचा तुकडा मोडलेली एक बाई तो तसाच हातात धरून बसली. कडेला अंगावरचं पोर घेऊन बसलेली एक सून हळूच सरकली, हातभर. चंद्राबाईने ते पाहिलं. पाहणारच, अकरा वर्षं ती तेवढ्याच हातभराची वाट बघत होती.

महिपत बांधावर मटकन बसला.

"म्हंजे... वयनी... तुमच्या सोळा गोळ्या मी भाताला घातल्या?"

"सोळा."

"सोळा! मंग तुमचं काय? सोळा दिवस तुमचं काय?" त्याचा आवाज फाटला. बोलणं दोनदा झालं, पण या वेळी कुणी हसलं नाही.

"मंगळवारी नव्या मिळतील. सोय हाय."

महिपतने सुस्कारा सोडला. मग अगदी हळू, जमिनीकडे बघत, "आनि... माझ्या भाताला काय हुईल?"

"काय नाय हुनार, भावजी. त्याला कुठं एचआयव्ही हाय!"

पहिलं हसू कुणाचं फुटलं ते सांगता येणार नाही, पण ठकूबाईचं सगळ्यांत मोठं होतं. दात नसलेल्या तोंडाने ती खदखदली, डोळे पुसले आणि एकदम चंद्राबाईवरच उखडली. "मी काय म्हनते, ती आठची मालिका म्हंजे ही गोळी व्हय? अकरा वर्सं मी विचारत्ये, गो चंद्रे, कुठली मालिका, माझ्या टीव्हीत का लागत नाय? दोनदा नातवाकडून डबा बदलून घेतला मी! दोनदा!"

"चुकलं, आते."

"आनि ते उपास?"

चंद्राबाईने आंब्याखालच्या आपल्या पितळी तांब्याकडे पाहिलं.

"बस खाली," ठकूबाई म्हणाली.

ती बसली. प्रयागबाई वाढत वाढत तिच्यापर्यंत आली आणि थांबली. ताटं संपलेली नव्हती, टोपलीत तीन शिल्लक दिसत होती. प्रयागबाईने एकवार टोपलीकडे पाहिलं, एकवार नवऱ्याकडे, मग वाकून बांधावरचं पळसाचं पान तोडलं आणि त्यावर भाकरी ठेवून चंद्राबाईच्या पुढे केली. वाईट मनाची बाई नाही. भ्यायली होती.

आता म्हणेल, स्नेहलला वाटलं. आता हात छातीशी जाईल. कुणीही म्हटलं असतं. चंद्राबाईचा हात निघालाही होता, अर्ध्यापर्यंत.

तेवढ्यात ठकूबाईने ते पान ओढून घेतलं आणि स्वतःचं ताट, अर्धी भाकरी मोडलेलं, बिरडं कालवलेलं, चंद्राबाईच्या पुढे सरकवलं. "मला पानावरच गोड लागतं," म्हणाली. "खा. नायतर भाकरी वाळंल."

चंद्राबाईने ताटाकडे पाहिलं. म्हातारीच्या बोटांचे ठसे बिरड्यात तसेच होते. तिने घास केला. तोंडात घातला. वीस बायका तिच्या जबड्याकडे बघत होत्या, जणू पाण्यातून भात वर येतंय की नाही तेच बघतायत.

"मीठ कमी हाय," चंद्राबाई म्हणाली.

"कमी?" प्रयागबाई एकदम ताठ झाली. "माझ्या बिरड्याला मीठ कमी? अकरा वर्सं उपाशी बसलीस, तुला चव राहिलीय का तोंडाला?" आणि तावातावाने मिठाची वाटी घेऊन तिच्याच शेजारी येऊन बसली.

सगळं तिथेच सुरळीत झालं असं समजू नये. सरकलेली सून त्या दिवशी परत जवळ आली नाही, आणि चंद्राबाईच्या शेतातल्या लावणीला वीसपैकी सतराच आल्या. प्रयागबाई अजून तिला चहा वेगळ्या कपातून देते. बशी मात्र विसरते, कुठलीही देते. चंद्राबाईने ते दोनदा दाखवून दिलं, तर म्हणाली, "एका वर्सात किती शिकायचं गो मानसानं?" पोलादपूरची सोमवारची वारी रद्द झाली. महिपतने बाटली धुवून-पुसून परत दिली, पण झाकणावरचं कुंकू निघेना. मंगळवारी महाडला ताईंनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "चंद्राबाई, गोळीची पूजा करा असं मी कधी म्हणाले होते?"

विनीत साहेब कापणीच्या वेळी आले. गोळीचं आणि बिनगोळीचं भात शेजारी शेजारी, सारखंच. महिपतने त्यांना बाजूला घेऊन कानात विचारलं, "साहेब, एका दान्याचा पन फरक नाय? एका दान्याचा पन?"

आठ वाजता अजून कोंबडा आरवतो. आता चंद्राबाई सगळ्यांच्या समोर गोळी घेते, आणि ठकूबाई विचारते, "आजचा भाग कसा झाला गो?"

राहिली पैज. त्या रविवारी चंद्राबाईने अडीच भाकऱ्या खाल्ल्या, मोजून, आणि हात धुताना स्नेहलला एवढंच म्हणाली, "घावने विसर." तेव्हापासून स्नेहलने "गो बाई" तोंडातून काढलेलं नाही. आषाढ गेला, दिवाळी गेली, शिमगासुद्धा कोरडा गेला. शेवटी तिने चंद्राबाईला विचारलं, तोंडाने नाही करत, कागदावर केलं तर चालेल का? चंद्राबाई म्हणाली, "माझं नाव घाल, आजाराचं पन घाल. पन आदी मला वाचून दाखव."

दाखवलं. ओट्यावर बसून तिने सगळं ऐकलं, मध्ये दोनदा डोळ्याला पदर लावला, एकदा हसता हसता तिला ठसका लागला. सगळं झाल्यावर म्हणाली, "गो बाई, अडीच नाय, तीन भाकऱ्या खाल्ल्या मी."

अडीचच होत्या. स्नेहलने स्वतः वाढल्या होत्या. पण हरलेल्याने किती बोलायचं.